ब्रेन हॅमरेजनंतर सहा महिने उलटले की सुधारणा थांबते का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना सात महिने झाले, उजवा हात उचलत नाही, शब्द सापडत नाहीत आणि नातेवाईक म्हणतात, "आता जे आहे ते असंच राहणार." हेच वाक्य आमच्या घरात माझ्या सख्ख्या भावाने म्हटलं होतं, म्हणून लिहायला बसले.

नाही, थांबत नाही. पहिले तीन ते सहा महिने वेग जास्त असतो, कारण साचलेलं रक्त शोषलं जातं, सूज उतरते. पुढे वेग मंदावतो. लोक मंदावण्यालाच थांबणं समजतात आणि व्यायाम सोडून देतात, मग खरंच थांबतं.

माझे अण्णा बार्शीत शिंपीकाम करायचे. मार्च 2017 मध्ये कापड बेतताना दुकानातच कोसळले. बीपीची गोळी दोन महिन्यांपासून बंद होती, "काही त्रास नाही तर कशाला" म्हणून. मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर रक्तस्राव. सोलापूरला अकरा दिवस आयसीयूत. ऑपरेशन लागलं नाही, पण घरी आले ते उजवी बाजू लुळी आणि तोंडात एकच शब्द घेऊन: "बरं." तहान लागली तरी बरं, राग आला तरी बरं.

आठव्या महिन्यात दादाने दुकान भाड्याने दिलं आणि मशीन विकलं. भाडं औषधांना लागत होतं, ते मला मान्य आहे. मशीनचे साडेचार हजार आले. त्यासाठी ते विकायची काही गरज नव्हती, हे मी तेव्हाही म्हणाले होते. त्या दिवशी अण्णा संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून होते.

पुढच्या जूनमध्ये मी बाळंतपणाला माहेरी होते. शेजारचा पाचवीतला मुलगा गणवेशाचं कापड घेऊन सहज दाखवायला आला. अण्णांनी डाव्या हाताने आईकडे टेप मागितली. एक टोक मी धरलं. छातीचं माप घेतलं आणि म्हणाले, "बावीस." टेपवर त्यांचं बोट मात्र बरोबर सव्वीसवर होतं. मी सव्वीस लिहिलं. तोंडातून आकडा चुकत होता, बोटातून चुकत नव्हता. त्या दिवसापासून रोज कुणाचं ना कुणाचं माप. घरातली, शेजारची, शेवटी माझ्या तान्ह्या मुलीचंसुद्धा. मग तुरपाई: डाव्या हातात सुई, आणि उजव्या हाताला काम एकच, कापड दाबून धरायचं. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, सवयीचं काम पुन्हा पुन्हा करणं हाच तर उपचार आहे. 2019 च्या दिवाळीत आईचा ब्लाउज बघून अण्णा म्हणाले, "बाही लांब झाली." अडीच वर्षांनी आलेलं पहिलं सलग वाक्य!

दादा त्यांची वाक्यं पुरी करायचा. अण्णा "च... च..." करत, हा "चहा ना?" म्हणून उठे. त्यांना चष्मा हवा असायचा. प्रेमाने करत होता, पण तेच चुकीचं होतं. थांबा. मिनिटभर लागलं तरी थांबा. अण्णांना समजत सगळं होतं, शब्द वाटेत अडकायचा. आणि मोठ्याने बोलू नका, कान शाबूत आहेत.

पूर्वीसारखे होतील का, हा तुमचा खरा प्रश्न. आमचे झाले नाहीत. उजवी बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत, पायात स्प्लिंट (पावलाला आधार देणारी पट्टी) आहे, दुपारी दोन तास झोपावंच लागतं. हा थकवा या आजाराचाच भाग असतो, त्याला आळस म्हणू नका. पहिलं वर्षभर ते सारखे रडायचे. आम्ही स्वभाव बदलला समजत बसलो. ते नैराश्य होतं, डॉक्टरांनी गोळी दिल्यावर फरक पडला. तुम्ही आधीच विचारा.

हेही सांगायला हवं: रक्तस्राव कुठे आणि केवढा झाला यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे आमच्याइतकं तुमच्याकडे होईल, किंवा जास्तही, सांगता येत नाही. काहींची एका बाजूची नजर जाते, ती तपासल्याशिवाय सुई-कात्री देऊ नका. उठवताना लुळा हात ओढू नका, खांदा निखळू शकतो. फिट (झटका) पुढे काही महिन्यांनीही येऊ शकते. बीपी आम्हाला 130/80 च्या खाली ठेवायला सांगितलंय. गोळी मी स्वतः मोजून डबीत भरते, लोणचं-पापड बंद.

तुमचे वडील आधी काय काम करायचे, ते प्रश्नात कुठे नाही. तेवढं लिहा.