तानपुऱ्यावर सिंथ चढवला की गंधार का खुपतो?

तुमचा प्रश्न असा: नागपुरात घरीच तानपुरा रेकॉर्ड केला, वर काळी एक पट्टीत यमनचा सिंथ (सिंथेसायझर) चढवला. दोन्हीकडे षड्ज ट्यूनरवर चोख, तरी गंधार खुपतो.

चूक तानपुऱ्याची नाही. जवारी (घोडीवर तार टेकते तिथला झणकार देणारा उतार) नीट लागली असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या, तारेतून गंधार आपोआप बोलतो. तोच स्वयंभू गंधार. काळी एकचा खर्ज ६९.३ हर्ट्झ, त्याच्या पाचपट म्हणजे ३४६.५. सिंथचा गंधार मात्र समान अंतराच्या (बारा सारख्या अर्धस्वरांच्या) सप्तकातला, ३४९.२. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळपास पावणेतीन हेलकावे पडतात. खुपतं ते हेच.

म्हणून सिंथला तानपुऱ्याकडे आणा, तानपुऱ्याला सिंथकडे ओढू नका. आधी जोडीची (षड्जात लावलेल्या मधल्या दोन तारांची) वारंवारता मोजून सिंथची पट्टी तिथे न्या. मग शुद्ध गंधार १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली, धैवत १६, निषाद १२, तीव्र मध्यम १०. रिषभ ४ वर, पंचम २ वर. सिंथ स्काला फाइल (सुरांच्या जागा लिहिलेली फाइल) घेत असेल तर काम पाच मिनिटांचं. नसेल तर पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारा मिडी संदेश: पल्ला दोन अर्धस्वरांचा असताना १४ सेंट खाली म्हणजे बेंडचा आकडा उणे ५७३. इथे बहुतेक जण फसतात, कारण बेंड अख्ख्या मिडी चॅनलला लागतो. गंधाराबरोबर षड्ज धरलात तर तोही खाली घसरेल. प्रत्येक सुराला वेगळा चॅनल द्या. आणि पॅचमधलं (सिंथच्या निवडलेल्या आवाजातलं) डीट्यून, कोरस, म्हणजे सूर मुद्दाम थोडा हलवणारे परिणाम, आधी बंद करा, नाहीतर ही सगळी मेहनत मातीत.

हे आकडे म्हणजे वेद नव्हेत. दरबारी रागाच्या आंदोलित (हळूहळू झुलणाऱ्या) कोमल गंधाराला एका जागी ठोकलेला सूर कसाही लावा, निर्जीवच वाटणार.

आता रेकॉर्डिंग. माइक घोडीच्या दिशेने, साधारण हातभर अंतरावर. मे महिन्यात कूलर बंद करावाच लागतो, आणि तो बंद झाला की खोली तापते, तारा सैल पडून सूर उतरतो. त्यामुळे चार-पाच मिनिटांचेच टेक घ्या, दर वेळी जोडी तपासा. कूलर चालू ठेवून नंतर त्याची घरघर कापू म्हणाल, तर मोटरची गुणगुण मुख्यतः १०० हर्ट्झवर असते. त्याखालचं सगळं सरसकट कापलंत की ६९ चा खर्जही गेला.