मार्चनंतर कोरी राहिलेली डायरी

"टाकवत नाही आणि वापरवतही नाही. मला वस्तू साठवायचा आजार तर नाही ना?" हा प्रश्न सल्ल्यासाठी येणाऱ्यांकडून माझ्यासमोर सारखा येतो. कुणाकडे साड्या असतात, कुणाकडे डबे, कुणाकडे लोकर. कोथरूडहून आलेल्या एका बाईंकडे स्टेशनरी होती. त्यांच्या परवानगीनं आणि ओळखीचे तपशील बदलून हे लिहिते आहे.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी, घरी सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. दिवाणाचा एक अख्खा कप्पा भरलेला. अकरा प्लॅनर, म्हणजे वर्षभराची कामं आखायच्या वह्या, त्यातला एकही शेवटपर्यंत लिहिलेला नाही. वॉशी टेपची, म्हणजे सजावटीच्या रंगीत कागदी चिकटपट्टीची रिळं, स्टिकरचे ताव, स्टिकी नोट्सचे गठ्ठे, जेल पेनं. दर डिसेंबरात पुण्याच्या वह्या-पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, चक्कर व्हायची, नवा प्लॅनर यायचा आणि फेब्रुवारीत मिटायचा. एक दिवस मुलानं मोबाइलवर 'होर्डिंग' हा शब्द दाखवला आणि बाईंची झोप उडाली.

आजाराचा प्रश्न आधी संपवला. होर्डिंग डिसऑर्डर हे निदान २०१३ सालच्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, स्वतंत्रपणे आलं. त्यात माणसाला वस्तू टाकण्याचा विचारही असह्य होतो आणि पसारा इतका वाढतो की स्वयंपाकघर, पलंग, खोल्या ज्या कामासाठी आहेत त्यासाठी वापरताच येत नाहीत. तसं असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटायलाच हवं. यांचा एक कप्पा भरला होता, घर व्यवस्थित चाललं होतं.

मग विचारलं, "कप्पा उघडल्यावर मनात पहिलं वाक्य कुठलं येतं?"

त्या बराच वेळ हातातल्या रुमालाच्या घड्या घालत बसल्या. मग म्हणाल्या, "हेही अर्धवटच सोडलंस."

दुखणं इथं होतं. कप्प्यातली प्रत्येक वही त्यांना स्वतःविरुद्धचा पुरावा वाटत होती. अशा माणसाला "सगळं टाकून द्या, मोकळं वाटेल" असं सांगितलं की वाया घालवल्याची टोचणी वर येते. आणि "छान काहीतरी बनवा" म्हटलं तर आणखी एक काम अर्धवट राहतं. दोन्ही त्यांनी करून पाहिलं होतं. भिंतीवर लावायच्या कोलाजचा पुठ्ठा त्याच कप्प्यात पडून होता. म्हणून मी एकच अट घातली. नवं काम अंगावर घ्यायचं नाही. घरात जे काम रोज होतंच आहे, त्यालाच ही वस्तू लावायची.

पहिल्या आठवड्यात फक्त पेनं. प्रत्येक पेन पाठकोऱ्या कागदावर ओढून बघायचं, वाळलेलं बाजूला काढायचं. मग टेपा. चार्जरच्या वायरींना रंगाप्रमाणे एकेक पट्टी, फ्रिजमधल्या डब्यांवर तारखेची पट्टी. कागदी वॉशी टेप स्टीलवरून अलगद निघते, चिकटा सहसा राहत नाही. सासूबाईंच्या गोळ्यांच्या खोक्यांवर सकाळची पिवळी, रात्रीची निळी. फक्त औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख झाकायची नाही. गोंद मेलेले स्टिकर गोंदकाडीनं पुन्हा लागतात. स्टिकर संपल्यावर उरणारा गुळगुळीत कागद चिकटवाचिकटवीच्या वेळी खाली अंथरायला उत्तम, त्याला गोंद धरत नाही. साध्या रद्दीत मात्र तो घालू नये. स्पायरलची तारही आधी ओढून काढावी, म्हणजे सुका कचरा वेचणाऱ्या ताईंचे हात वाचतात.

तारखा न छापलेल्या प्लॅनरच्या महिन्याच्या पानावर दुधाचा हिशोब, कामवाल्या बाईंचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आली. सासूबाई स्वतःहून त्यात लिहू लागल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

मे महिन्याच्या सुट्टीत गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं काढून दाभणानं शिवलेली रफ वही माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. तिच्यात पहिलं पान गणिताचं, दुसरं भूगोलाचं, मध्येच कुणाचं तरी नाव. ती वही सुंदर असावी अशी अपेक्षाच नसायची, म्हणून ती भरायची. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून कापडाच्या चिंध्यांपासून कागद होतो. या शहराला उरल्यासुरल्याचं काय करायचं, हे कधीच परकं नव्हतं.

तरी एक वही राहिलीच. या वर्षी फेब्रुवारीत त्या ती घेऊन आल्या. २०२० ची, जाड पुठ्ठ्याची डायरी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दाट लिहिलेली, रंगवलेली. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले. त्यानंतर चार-पाच पानांवर किराण्याच्या याद्या आणि पुढे सगळं कोरं. "हिला हात लावला की ते दिवस आठवतात," त्या म्हणाल्या. "आणि रद्दीतही घालवत नाही."

मी मोबाइलवर २०२६ चं कॅलेंडर उघडून डायरीशेजारी ठेवलं. १ मार्च २०२० रविवार. १ मार्च २०२६ सुद्धा रविवार. २०२० लीप वर्ष होतं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीचे वार जुळत नाहीत. पण मार्चपासून डिसेंबरअखेर प्रत्येक तारखेचा वार तोच आहे. म्हणजे डायरी जिथून कोरी होती, तिथून पुढचं सगळं जुळत होतं.

त्या पानं उलटत खात्री करत राहिल्या. एप्रिल, जून, ऑक्टोबर. डोळे भरून आले. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "पण सण? ते तर चुकीचे छापलेत."

"त्यांच्यावर स्टिकर लावा. आहेत ना पुष्कळ?"

मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ही डायरी भरलीच पाहिजे असं अजिबात नाही. एका दिवसाला एक ओळ, तीही सुचली तर. महिना कोरा गेला तरी पुढच्या तारखेचं पान उघडायचं, मागची भरत बसायचं नाही. आणि बंद करावीशी वाटली तर कोरी पानं नारायण पेठेतल्या एखाद्या बाइंडरकडून सुटी करून घ्यायची, मुलाला कच्च्या कामाला होतील.

एप्रिलच्या सुरुवातीला त्या भेटल्या, तेव्हा डायरी पिशवीत होती. मार्चमधली नऊ पानं कोरी होती. ते त्यांनी आपणहून दाखवलं, पण सबब सांगितली नाही. मग २५ मार्चचं पान उघडलं. २०२० साली त्या दिवशी पाडवा होता आणि देशभरच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. यंदाचा पाडवा १९ तारखेलाच होऊन गेला होता. छापलेल्या 'गुढी पाडवा'वर सूर्यफुलाचा स्टिकर जरा तिरका लावलेला होता आणि खाली हिरव्या जेल पेननं लिहिलं होतं: "बाईंचा खाडा. दूध दीड लिटर. आईंना घेऊन कमला नेहरू पार्कला गेले, भेळ खाल्ली."