मुलांना ‘खनिज’ म्हणजे काय हे कसं समजवायचं?

तुमची मुलगी ‘दगड आणि खनिज एकच का?’ असं विचारतेय म्हणालात. माझ्या भाच्यानंही अगदी हेच विचारलं होतं. व्याख्या सांगायला गेलो तर पोरगं जांभई द्यायला लागलं. आम्ही कोल्हापूरचे, समोर भडंगाची ताटली होतीच. म्हटलं, ही अख्खी ताटली म्हणजे दगड. आता चुरमुरे, शेंगदाणे, लसूण वेगवेगळं काढ. त्यातला एकेक जिन्नस म्हणजे खनिज.

मग ठिपक्याठिपक्यांच्या ग्रॅनाइटवर बोट ठेवून दाखवलं: गुलाबी-पांढरे दाणे फेल्डस्पारचे, काचेसारखे क्वार्ट्झचे, काळं चकचकणारं अभ्रक. आपल्याकडचा काळा फत्तर, म्हणजे बेसाल्ट, हाही भडंगच; फक्त लाव्हा भराभर थंड झाल्यामुळे त्यातले दाणे नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसत नाहीत.

खरी मजा मीठ-साखरेत आली. सैंधव खाणीतून निघतं, ते खनिज. साध्या मिठाचा दाणा भिंगाखाली धरलात तर चक्क चौकोनी ठोकळा दिसतो. ‘मग खडीसाखर का नाही? तिलाही कोपरे आहेत की!’ प्रश्न बिनतोड होता. पण साखर उसातून येते आणि ऊस सजीव. खनिज निसर्गात आपोआप बनावं लागतं, घन असावं लागतं आणि आतली रचना ठरलेली लागते. म्हणून वळवाच्या पावसात पडणारी गार हे खनिज, पण फ्रिजमधला बर्फ नाही. हे ऐकून तो दोन दिवस सगळ्यांना छळत होता.

एक घोळ आधीच निस्तरा. नाचणीत ‘खनिजं’ असतात म्हणतो तेव्हा कॅल्शियम, लोह अशी मूलद्रव्यं अभिप्रेत असतात. नाहीतर मूल भाकरीत खडे शोधत बसतं.

शेवटी गारगोटी. ही क्वार्ट्झचीच, काचेवर ओरखडा काढते. रात्री दिवे घालवून, गोधडीत शिरून दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर जोरात घासा. आतून फिकट उजेड फुटतो. आधी पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, आणि कपची उडते, म्हणून तोंडापासून लांब धरा.