सासूबाई म्हणतात, लशीनंच आजारी पडले

प्रश्न : डॉक्टर, गेल्या वर्षी सासूबाईंना फ्लूची लस दिली. दोन दिवस दंड दुखला, अंगात कणकण होती. पुढं महिन्याभरात सर्दीही झालीच. आता त्या म्हणतात, पैसे मोजून आजार विकत आणला. त्या 68 वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, आजही रोज विड्या वळतात. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मला सातवा महिना लागलाय. आषाढी तर होऊन गेली. आता लस घेऊन उपयोग आहे का?
— एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : आहे ताई, नक्की आहे. पावसाआधी घेतली असती तर जास्त बरं, पण आपल्याकडे फ्लू पाऊस सरेपर्यंत रेंगाळतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्च, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, उसळतो. लस अंगी लागायला साधारण 2 आठवडे जातात. तेव्हा याच आठवड्यात जा.

सासूबाईंची कणकण खरी होती, पण तो फ्लू नव्हे. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतोच. नंतरची सर्दी दुसऱ्या कुठल्या विषाणूची असू शकते. तशा सर्दीवर ही लस चालत नाही. लस घेऊनही कधी कधी फ्लू होतो, हेही सांगतो. पण न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडायची पाळी येण्याचा धोका कमी होतो, आणि साखर असलेल्या माणसाला खरी भीती त्याचीच. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत काय असावं ते ठरवते. गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही ती यामुळंही.

माझा दवाखाना पूर्व भागात आहे. दम्याचे एक मामा दर महिन्याला पंप लिहून घ्यायला यायचे. कारखान्यात कापसाची धूळ, छाती कायम भरलेली. मी त्यांना लशीचं कधी बोललो नाही. रोजंदारीचा माणूस, कशाला खर्चात पाडा, असं मीच परस्पर ठरवलं होतं. एका ऑगस्टमध्ये ताप अंगावर काढून ते पाचव्या दिवशी आले, तेव्हा ओठ निळे पडले होते. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं; तो वेळ गेला होता. 11 दिवस ऑक्सिजनवर काढून वाचले. बरं वाटल्यावर त्यांनी विचारलं, "अशी लस होती, तर मला का नाही सांगितलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून दम्याच्या, साखरेच्या, हृदयाच्या प्रत्येक पेशंटला मी सांगतो. घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

आता तुमचं. गरोदरपणात फ्लू जड जातो, आणि ही इंजेक्शनची लस कुठल्याही महिन्यात चालते. ताप असेल तर तो उतरल्यावर घ्या. मिस्टरांनीही घ्यावी, पण पैसे दोघांपुरतेच असतील तर आधी तुम्ही आणि सासूबाई. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलला चौकशी करा.

सासूबाईंना एवढं सांगा : बाळाला 6 महिन्यांचं होईपर्यंत ही लस देता येत नाही. तोवर त्याला तुमच्याकडून जे संरक्षण मिळेल तेवढंच, आणि सगळ्यात जास्त वेळ ते आजीच्याच मांडीवर असणार आहे.