आकडा सरकारी आहे, पण कधीचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सरकारी आकडेवारीबद्दल तेच तेच प्रश्न परत परत येतायत, कधी मेलवर, कधी फॉरवर्ड केलेल्या मेसेजला जोडून. म्हणून एकदाच सगळं इथे. पाठवणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: मी एका आमदारांच्या ऑफिसात काम करतो. बेरोजगारीवर दोन सरकारी रिपोर्ट आहेत आणि दोन्हीत वेगळे आकडे. साहेबांना सभागृहात बोलायचंय, खरा कुठला?

दोन्ही खरे असू शकतात. एकात मागच्या अख्ख्या वर्षाबद्दल विचारलेलं असतं, दुसऱ्यात फक्त मागच्या आठवड्याबद्दल, आणि आठवड्याच्या हिशोबात एक तास जरी काम केलं तरी तो माणूस रोजगारात धरतात. ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची व्याख्या आहे, कुणी लबाडी करायला शोधून काढलेली नाही. तेव्हा व्याख्या काय, काळ कुठला आणि विचारलं कोणाला, एवढं आधी बघा, रिपोर्टच्या मागच्या पानांवर असतं, तिथपर्यंत सहसा कोणी जात नाही. आणि साहेबांच्या हातात कागद द्यायच्या आधी सांख्यिकी खात्यात एक फोन करा. त्यांना कोणी विचारतच नाही हो.

प्रश्न: लाखभर घरांत विचारून अख्ख्या देशाचं कसं काय कळतं?

शितावरून भाताची परीक्षा होते, फक्त शीत वरवरचं, सोयीचं उचललेलं नको.

प्रश्न: आमच्या खात्याने सगळा डेटा वेबसाइटवर टाकलाय, पीडीएफमध्ये. अजून काय करायचं?

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. मूळ तक्ता सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये थेट उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, टाका आणि प्रत्येक कॉलमचा अर्थ सोबत लिहा.

प्रश्न: आता सगळ्यांची नोंद कुठे ना कुठे आहेच, ओळखपत्र, मोबाईल, बँक, रेशन. मग एवढा खर्च करून घरोघरी जाऊन जनगणना कशाला? उशीर झाला तर बिघडलं काय?

हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी नोंदींचं बघू. खात्याच्या रजिस्टरमध्ये दिसतो तो ज्याने खात्याचं दार ठोठावलं. ज्याच्याकडे कागद नाही, जो दर सहा महिन्यांनी कामासाठी जागा बदलतो, तो तिथे नाही, आणि धोरण नेमकं त्याच्यासाठीच करायचं असतं. उलट मेलेला माणूस वर्षानुवर्षं यादीत जिवंत राहतो. डेन्मार्कने 1981 मध्ये निव्वळ रजिस्टरवरून जनगणना करून दाखवली, हे उदाहरण मला दर वेळी कोणीतरी पाठवतं, पण तिथे 1968 पासून एकच लोकसंख्या रजिस्टर आहे आणि पत्ता बदलला की कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. तो पाया आधी घाला, मग बोलू.

आता उशीर. टक्केवारी काढायला खाली भागायला लोकसंख्या लागते आणि ती जुनी असली की वरचा आकडा कितीही ताजा असू दे, उत्तर चुकतं. काही भागांत लसीकरण कागदावर 100 टक्क्यांच्या वर जातं ते त्यामुळेही. लोक म्हणतात जनगणना नाही तर सर्व्हे आहेत की, अहो, सर्व्हेसाठी घरं निवडायची तर गावांची यादी जनगणनेतूनच येते आणि शेवटी थोड्या घरांचं उत्तर अख्ख्या देशाचं करायला गुणायचं तेही लोकसंख्येनेच, मग पाया पंधरा वर्षं जुना असेल तर सर्व्हे कुठून नवा होणार? आपल्याकडे 2021 ची जनगणना झाली नाही, आता ठरलेली संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, बहुतेक देशासाठी 1 मार्च 2027 आहे, आणि अन्न सुरक्षा कायद्यात किती लोकांना धान्य मिळणार हे 2011 च्या आकड्यांवर बेतलेलं. लोकसंख्या वाढली, यादीची मर्यादा तिथेच.

आणि खर्च वाचवायचा म्हणून जनगणना पातळ करायची असेल तर कॅनडाकडे बघा. 2011 मध्ये त्यांनी जनगणनेचा मोठा फॉर्म ऐच्छिक केला, प्रतिसाद 93 टक्क्यांच्या आसपास होता तो 69 च्या आसपास आला, हजारावर छोट्या गावांचे आकडे दर्जा नाही म्हणून छापलेच नाहीत. 2016 ला फॉर्म परत सक्तीचा करावा लागला. त्यामुळे तुमच्या मतदारसंघाची योजना जुन्या लोकसंख्येवर आखत असाल तर थांबा, अंदाजित लोकसंख्या कोणी आणि कशी काढलीय ते लोकसंख्याशास्त्राच्या माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न: जीडीपीचे आकडे नंतर बदलतात, म्हणजे आधीचे खोटेच होते ना? ग्रुपवर तसंच आलंय.

नाही. पहिला अंदाज अर्धवट माहितीवर असतो, पुढे माहिती आली की सुधारतात, न सुधारले तर काळजी करा. नायजेरियाने 2014 मध्ये आधार वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योगांची यादी धरून हिशोब करतात ते, 1990 वरून 2010 केलं आणि जीडीपी कागदावर जवळपास 89 टक्क्यांनी मोठा झाला, त्या दिवशी कोणाच्या खिशात एक पैसा जास्त आला नाही, इतकी वर्षं मोजलं जात नव्हतं ते मोजलं गेलं. ग्रुपवरचं ग्रुपवर ठेवा.

प्रश्न: एक कंपनी आमच्या जिल्ह्याला रिअल टाइम डॅशबोर्ड देतेय, म्हणे डेटातल्या रिकाम्या जागा एआय स्वतःच भरेल. घ्यावा का?

भरेल की. भरलेलं खरं असेल असं कंपनी लेखी देणार आहे का, ते विचारा. कोणी आकडा भरला नाही आणि आकडा शून्य आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसल्या तर निर्णय बोंबलला. शिवाय ज्याचं काम मोजायचं त्यालाच आकडा भरायला लावला आणि लाल रंग दिसला की मीटिंगमध्ये झापलं, तर महिन्याभरात सगळं हिरवं होतं. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1975 मध्येच हे सांगून ठेवलंय, आकड्यालाच टार्गेट केलं की आकडा भरवशाचा राहत नाही. ते पैसे आकडे भरणाऱ्यांच्या ट्रेनिंगवर आणि अचानक जाऊन पडताळणी करण्यावर घाला. सही करायच्या आधी कंपनीबाहेरच्या, हितसंबंध नसलेल्या सांख्यिकी जाणकाराला करार दाखवा. डेमो बघून भुलू नका, डेमोतला डेटा नेहमी स्वच्छच असतो.

प्रश्न: संशोधकांना लाभार्थ्यांची यादी द्यायचीय. नावं काढली की झालं ना?

नाही झालं. डेटाच्या गोपनीयतेवर काम करणाऱ्या संशोधक लताण्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर तिथले सुमारे 87 टक्के लोक नेमके कोण ते ओळखू येऊ शकतात. जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, छोट्या गावांचे आकडे एकत्र करा, आणि यादी पाठवायच्या आधी विधी विभागाचा लेखी अभिप्राय घ्या. पाठवल्यानंतर विचारणारे मला दर महिन्याला लिहितात.