रीमॅपनंतरचा क्लच निवडताना

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सेकंडहँड ऑक्टाव्हिया, दोन लिटर डिझेल, सहा गिअरची मॅन्युअल, आधीच्या मालकाने रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली. आता वरच्या गिअरला पाय दाबला की आरपीएमचा काटा एकटाच वर पळतो आणि गाडी मागेच राहते. त्यावर उपाय म्हणून तू ‘स्टेज थ्री’ किट पाहून ठेवलंयस: सहा बटणांची (पूर्ण गोल अस्तराऐवजी सहा सुट्या तुकड्यांची) सिरॅमिक प्लेट आणि सोबत हलकं सिंगल-मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनमागची एकसंध फिरती चकती, जिच्यावर क्लच बसतो. पैसे अजून भरले नसशील तर भरू नकोस. हे पत्र आधी पूर्ण वाच.

क्लच खरंच सुटतोय का, म्हणजे पकड सोडून घसरतोय का, याची खात्री कर. मोकळ्या, सपाट रस्त्यावर इंजिन नीट गरम झाल्यावर पाचव्या गिअरमध्ये १७०० आरपीएमला ये आणि पाय पूर्ण दाब. काटा आणि स्पीडोमीटर जोडीने चढले तर क्लच धरतोय. काटा झपकन ५००-७०० ने उडाला आणि वेग तिथेच राहिला तर सुटतोय. ही चाचणी दोनदा पुरे, कारण प्रत्येक वेळी प्लेट जळते. सुटत असेल तर गिअरबॉक्स उतरवल्यावर पहिली नजर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलवर टाकायची. तिथून तेल झिरपून प्लेटवर येत असेल तर जगातला कुठलाही क्लच सुटेल आणि नवा टाकलास तरी महिन्याभरात तेच होईल.

आता ‘स्टेज’ या शब्दाबद्दल. त्याला कुठलंही मानक नाही. एका कंपनीची स्टेज टू दुसरीच्या स्टेज वनपेक्षा कमी ताकदीची असू शकते. दुकानदाराला दोनच गोष्टी विचार: हा क्लच किती न्यूटन-मीटर धरतो, आणि प्लेटवरचं मटेरियल काय आहे? आकडा सांगता येत नसेल तर तिथून निघ.

आकडा विचारायचा तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या पिळाच्या जोराचा; तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. क्लचला अश्वशक्ती कळत नाही. तुझी गाडी कंपनीतून १४३ अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर घेऊन निघाली, आणि तो टॉर्क १७५० पासूनच पूर्ण मिळतो. रीमॅपच्या कागदावर तुझ्याकडे ४०० लिहिलंय. दोनशे अश्वशक्तीची, पण २८० न्यूटन-मीटरची एखादी पेट्रोल गाडी क्लचच्या दृष्टीने तुझ्या गाडीपेक्षा पुष्कळ सोपी. डिझेलवाल्यांचे क्लच आधी जातात ते यामुळेच. शक्य असेल तर डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) एकदा मोजून घे. चाकांवरचा आकडा आणि फ्लायव्हीलवरचा आकडा यांत फरक असतो, तेव्हा कागदावर कुठला छापलाय तेही विचार.

क्लच किती धरेल याचा हिशेब चार गोष्टींचा आहे: घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा (क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. चारही गुणायच्या. समज, २४० मिलिमीटरची प्लेट आहे, सरासरी त्रिज्या ०.१ मीटर, दाब ६५०० न्यूटन, गुणांक ०.३, आणि एका प्लेटच्या दोन बाजू. गुणाकार ३९० न्यूटन-मीटर. ३२० च्या गाडीला हे ऐसपैस आहे. तीच प्लेट तापली आणि गुणांक ०.२५ वर उतरला की ३२५ उरतात. ४०० च्या गाडीत हा क्लच थंड असतानाच काठावर असतो, तापल्यावर तर विषयच संपतो. तुझ्या गाडीत नेमकं हेच चाललेलं असणार.

ताकद वाढवायची तर या चारांपैकी काहीतरी वाढवावं लागतं, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. त्रिज्या वाढवायला घंटीच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या गिअरबॉक्सच्या खोळीच्या, आत जागा नसते. प्लेटा दोन केल्या तर बाजू चार होतात, पण खर्च आणि आवाज दोन्ही वाढतात. रस्त्यावरच्या ४०० न्यूटन-मीटरला त्याची गरज नाही. दाब वाढवला की पेडल जड होतं, आणि क्लच दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवरचा भारही वाढतो. थोडा वाढलेला दाब चालतो, दुप्पट नको. राहिलं मटेरियल. नेहमीची ऑरगॅनिक प्लेट मऊ उचलते. सिरॅमिक-धातूची बटणं जास्त पकडतात आणि जास्त उष्णता सोसतात, पण पकडतात ती एकदम. ट्रॅक्टर आणि ट्रकमध्ये अशा बटणांच्या प्लेटा कधीपासून आहेत आणि तिथे त्या शोभतातही. पुण्यातल्या सिग्नलवर मात्र तीच प्लेट गाडी थडथडवते, कारण अर्धवट घासत राहण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

आणि तुझं ड्रायव्हिंग कसलं आहे? तूच लिहिलंयस: सकाळी हिंजवडी, संध्याकाळी परत, महिन्यातून एखादा रविवार ताम्हिणी. म्हणजे क्लचचं ९० टक्के आयुष्य हाफ-क्लचवर जाणार. त्याचा हिशेब मांडून दाखवतो, कारण बहुतेकांना वाटतं की क्लच शर्यतीत मरतो.

पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना फ्लायव्हील आणि प्लेट एका वेगात येईपर्यंत घासतात, आणि त्या घासण्यात साधारण तेवढीच ऊर्जा उष्णता होऊन जाते जेवढी गाडीला गती म्हणून मिळते. १५०० आरपीएमला शांतपणे उचललीस तर ताशी १२ किलोमीटरच्या आसपास दोन्ही जुळतात. माणसांसकट दीड टन धरले तर ही उष्णता ८ किलोज्यूल. ३५०० वर क्लच सोडून सुटलास तर जुळणी ताशी २८ ला होते आणि उष्णता ४५ किलोज्यूल. आरपीएम सव्वादोनपट, उष्णता साडेपाचपट. वेगाचा वर्ग आडवा येतो.

आता बोरघाटातली रांग घे. शंभर मीटरला आठ मीटर चढ, पुढे ट्रक, आणि तू ब्रेक न लावता हाफ-क्लचवर गाडी जागच्या जागी तोलून धरलीयस. प्लेटमध्ये तेव्हा सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता ओतली जाते, घरच्या गिझरपेक्षा जास्त. पंधराएक सेकंद तसा उभा राहिलास की ३५०० वर सुटण्याएवढी उष्णता झाली, आणि गाडी एक इंचही पुढे गेलेली नाही. असं एका घाटात वीसदा होतं. म्हणून नवा क्लच कुठलाही टाक, चढावर थांबलास की हँडब्रेक आणि न्यूट्रल. डाव्या पायाला पेडलवर विश्रांती घेऊ देऊ नकोस.

फ्लायव्हीलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले तिथेच मिळतात. तुझ्या गाडीत ड्युअल-मास फ्लायव्हील आहे: दोन चकत्या आणि मध्ये कमानीसारख्या लांब स्प्रिंगा. चार सिलिंडरचं डिझेल एका फेऱ्यात दोन जोरदार धक्के देतं. ते धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत, हे त्या स्प्रिंगांचं काम. लुक या जर्मन कंपनीने १९८५ मध्ये हे फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं, आणि आजची डिझेल गाडी हजार-बाराशे आरपीएमला इतकी गुळगुळीत चालते त्यात त्याचा मोठा वाटा आहे. ते काढून एकसंध, हलकं फ्लायव्हील बसवलं की आयडलला गिअरबॉक्स खडखडतो. क्लच दाबला की खडखड थांबते, सोडला की पुन्हा सुरू. हा नुसता आवाजाचा त्रास नाही. जे धक्के स्प्रिंगा गिळत होत्या ते आता गिअरचे दात, बेअरिंगा आणि क्रँक झेलतात. शिवाय ड्युअल-माससोबत येणाऱ्या बऱ्याच प्लेटांच्या मध्यभागी स्प्रिंगा नसतात, कारण ते काम फ्लायव्हील करतं. सिंगल-मासवर अशी बिनस्प्रिंगची प्लेट कुणी बसवली तर गिअरबॉक्सला काहीच संरक्षण राहत नाही. ओळखीच्या एका मुलाच्या गाडीत असंच किट बसवलेलं मी पाहिलं. सिग्नलला उभी असताना डॅशबोर्डवरचा फोन थरथरत खाली यायचा. त्याच्या आईने त्या गाडीत बसणं सोडलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तुझ्या गाडीत ड्युअल-मासच राहू दे. पण त्यालाही मर्यादा आहे. सहाव्या गिअरमध्ये १४०० वर पाय पूर्ण दाबलास की स्प्रिंगा शेवटपर्यंत दबून टोकाला आदळतात, आणि रीमॅपमुळे तो आघात मोठा होतो. ट्यूनरकडे, म्हणजे रीमॅप करणाऱ्याकडे, जा आणि सांग, २००० च्या खाली टॉर्क हळूहळू चढू दे, शिखर ४०० ऐवजी ३७०-३८० ला ठेव. वरची ताकद आहे तेवढीच राहील, खुर्चीत पाठ दाबली जाण्याची मजा जराशी कमी होईल, आणि क्लच, फ्लायव्हील, गिअरबॉक्स तिघांचं आयुष्य वाढेल. या कामाला क्लचच्या किमतीच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत. ट्यूनर नाही म्हणाला तर ट्यूनर बदल.

गिअरबॉक्सचंही ऐक. फोक्सवॅगन-स्कोडा गटाच्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सच्या नावातला आकडा साधारण तो किती टॉर्कसाठी बनवलाय ते सांगतो. तुझा ३५० च्या वर्गातला आहे. तुझ्या मित्राची एक लिटर टीएसआय पोलो १७५ न्यूटन-मीटरची, तिचा बॉक्स २०० च्या वर्गातला. तिथे ३५० धरणारा क्लच बसवला तर सुटायचं ते क्लचऐवजी दुसरीकडे तुटेल. जास्तीत जास्त ताकदीचा क्लच घ्यायचा नाही तो यासाठी. मोजलेल्या टॉर्कवर वीसेक टक्के जादा पुरे. तुझ्यासाठी म्हणजे ४५० ते ४८०. ते ६५० वालं स्टेज थ्री किट विसर.

तर घ्यायचं काय? दाब वाढवलेली प्रेशर प्लेट, पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट, आणि कंपनीच्याच मापाचं ड्युअल-मास. झॅक्सच्या परफॉर्मन्स मालिकेत या गटाच्या डिझेलसाठी अशी जोडी मिळते. अमेरिकेतली साउथ बेंडही बनवते, फक्त आयात, कस्टम ड्युटी आणि वॉरंटीचा हिशेब आधी कर. खोक्यावरचा पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरशी जुळवून घे. दिसायला सारख्या प्लेटांचे स्प्लाइनचे (गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे) दात वेगळे निघतात. टॉर्क ३७० वर आणलास आणि घाटात वागणूक सुधारलीस, तर कंपनीचा नवा साधा क्लचही बरीच वर्षं टिकेल. बजेट ओढाताणीचं असेल तर मी तोच घेईन.

बसवताना स्वतः उभा राहा. या गटाच्या बऱ्याच गाड्यांत आपोआप ॲडजस्ट होणारी प्रेशर प्लेट असते. ती खास टूलने दाबून, सगळीकडून सारखी बसवावी लागते. नुसते बोल्ट आवळत खाली आणली की आतली रिंग सरकते आणि नवा क्लच पहिल्याच दिवशी पेडल दाबूनही नीट मोकळा होत नाही. नव्या प्रेशर प्लेटच्या घासणाऱ्या बाजूवर गंजरोधक तेलाचा थर असतो. ब्रेक क्लीनरने तो पूर्ण पुसायचा, आणि मग तिथे बोट लावायचं नाही. शाफ्टच्या स्प्लाइनवर ग्रीस अगदी पुसट. डमी शाफ्ट घालून प्लेट मध्यात आणायची. प्लेटवर जर्मनमध्ये ‘गेट्रीबेझाइटे’ कोरलेलं दिसेल. ती बाजू गिअरबॉक्सकडे. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, नवेच घे. रिलीज बेअरिंगसकटचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने क्लच मोकळा करणारा भाग) या बॉक्समध्ये घंटीच्या आत बसतो, म्हणून तो याच वेळी बदल. नंतर गळला तर पुन्हा अख्खा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी. क्लचचं तेल ब्रेकच्याच डब्यातून येतं, तेव्हा सगळं ताजं भरून हवा काढून घे.

पहिले ८०० किलोमीटर गावातले पाहिजेत. एक्स्प्रेसवेवर एका गिअरमध्ये मुंबईला जाऊन येणं यात धरायचं नाही, कारण प्लेट बसते ती उचलण्या-सोडण्याने. तेवढे दिवस पूर्ण पाय दाबायचा नाही आणि रीमॅप शक्य असेल तर स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, ठेवायचा. सुरुवातीला थोडा वास येईल, तो जातो.

गिअरबॉक्स उतरला की मला तीन फोटो पाठव: जुनी प्लेट दोन्ही बाजूंनी, आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग उजेडात. निळे डाग, बारीक चिरा किंवा कडेने निघालेलं ग्रीस दिसलं तर फ्लायव्हील बदलायचं. नाहीतर मेकॅनिकला बाहेरची चकती हाताने दोन्ही दिशांना फिरवून पाहायला सांग आणि किती सरकते त्याचा छोटा व्हिडिओ काढ. तो पाहिल्याशिवाय फ्लायव्हीलची ऑर्डर देऊ नकोस.

कळावे,
तुझा काका