सायकलचा शिफ्टर सैल फिरतोय? लगेच नवा घेऊ नका

लिव्हर दाबला तरी खट्‌ असा आवाज येत नाही, गिअर बदलत नाही, म्हणून शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा भाग) गेला असं समजू नका. जुन्या सायकलींत बहुतेक वेळा आतलं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. त्यामुळे दात पकडणारा छोटा खटका स्प्रिंगने जागेवर येत नाही.

आधी डिरेलरपाशी (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) केबल सोडवा, हाताने ताणून धरा आणि शिफ्टर चालवून बघा. नीट चालला तर दोष केबलमध्ये, तिच्या आवरणात किंवा डिरेलरमध्ये. तंतू सुटलेली केबल सरळ बदला, स्वस्तात मिळते.

तरीही अडत असेल तर शिफ्टरच्या फटीतून डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा आणि लिव्हर दाबत राहा. तीस-चाळीस वेळा तरी. हे दोन-तीनदा करावं लागेल, खरंच कंटाळू नका. खटका पकडू लागला की हलक्या तेलाचे चार थेंब सोडाच, कारण स्प्रेने ग्रीस धुऊन जातं. डिस्क ब्रेकवर मात्र थेंबही उडू देऊ नका.

शिफ्टर पूर्ण उघडायच्या फंदात पडू नका. आतल्या बारीक स्प्रिंगा पुन्हा बसवणं फार अवघड.

केबल परत आवळताना शिफ्टर अशा गिअरवर हवा, जिथे केबल सर्वांत सैल असते.